बसलेला अ‍ॅकिलीसही चपळच!

‘ओडिसी’च्या सहाव्या सर्गात राजकन्या नॉसिका घरातले मळके कपडे गोळा करते, गाडीत घालते आणि नदीवर धुवायला निघते. कवी त्या मळक्या कपड्यांना विशेषण लावतो ‘लखलखीत’. ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात अ‍ॅकिलीस रुसून जहाजांपाशी बसला आहे, जागचा हलत नाही, तरी कवीच्या लेखी तो ‘चपळ पायांचा’. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जहाजं ‘वेगवान’. भर दिवसाचं आकाश ‘तारांकित’!

अलेक्झांड्रियाच्या जुन्या पंडितांपासून सगळे या कोड्यावर डोकं खाजवत होते. पटणारं उत्तर दिलं ते मिलमन पॅरी या अमेरिकन तरुणाने. १९२८ साली पॅरिसला प्रबंध सादर केला तेव्हा तो जेमतेम पंचविशीतला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही विशेषणं त्या क्षणाचं वर्णन करायला आलेलीच नाहीत. ती आली आहेत गाणाऱ्याला ओळ पुरी करून द्यायला. होमरची कविता कागदावर बसून जुळवलेली नाही, ती लोकांसमोर गाता गाता घडवण्याच्या परंपरेतून आलेली आहे.

भगणाच्या विटा

शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्यांना होमरचं वृत्त चटकन समजेल. त्याचा मूळ गण म्हणजे आपला भगण: एक गुरू, दोन लघू. ग्रीकांनी त्याला नाव दिलं ‘डाक्टिलॉस’, म्हणजे बोट. स्वतःच्या तर्जनीकडे पाहा, एक लांब पेर आणि पुढे दोन आखूड! असे सहा गण मिळून एक ओळ. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, शेवटचा गण मात्र नेहमी दोनच अक्षरांचा. या एकाच वृत्तात ‘इलियड’च्या सुमारे १५,७०० ओळी आहेत आणि ‘ओडिसी’च्या सुमारे १२,१००.

आता समजा, तुम्ही गायक आहात. समोर माणसं बसली आहेत, हातातलं तंतुवाद्य वाजतं आहे आणि ओळ निम्मी झाली आहे. थांबून विचार करायला सवड नाही. अशा वेळी ओडिसियसचं नाव ओळीच्या शेवटी बसवायचं तर तयार विटा हाताशी असतात. थोडीच जागा उरली असेल तर ‘दिव्य ओडिसियस’. थोडी जास्त असेल तर ‘बहुयुक्तीचा ओडिसियस’. जवळजवळ अर्धी ओळ मोकळी असेल तर ‘पुष्कळ सोसलेला दिव्य ओडिसियस’. ओळीत जागा किती, त्यावर वीट ठरते. पॅरीने हे एकेका वीराबाबत, एकेका देवतेबाबत मोजून दाखवलं. मला यात सर्वांत थक्क करतं ते असं, की एका जागेला एका मापाची बहुधा एकच वीट सापडते. एवढी नेटकी रचना एकट्या माणसाच्या डोक्यातून निघत नाही, पिढ्यान्‌पिढ्या गायकांच्या तोंडात घासून ती तयार होते.

खाटीक गातो बारा हजार ओळी

पण अशी माणसं खरोखर असतात का? पॅरी शोधायला निघाला. १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियाच्या डोंगराळ भागात फिरला. तिथले गायक ‘गुस्ले’ नावाचं एकतारी वाद्य वाजवत कॉफीच्या दुकानांतून वीरकथा गात. रमजानच्या रात्री तर या मैफली विशेष रंगत. पॅरीने सोबत खास बनवून घेतलेलं ध्वनिमुद्रण यंत्र नेलं होतं. ॲल्युमिनियमच्या एका तबकडीवर काही मिनिटांचंच गाणं मावे, म्हणून यंत्राला दोन फिरत्या तबकड्या होत्या. एक भरत आली की दुसरी सुरू, म्हणजे गायकाला मध्येच थांबवायला नको.

बियेलो पोल्ये गावात त्याला अव्दो मेजेदोविच भेटला. धंद्याने खाटीक, अक्षरओळख नाही. १९३५च्या उन्हाळ्यात अव्दोने सांगितलेली एक लग्नाची वीरकथा उतरवून घेतली तर ती बारा हजारांहून जास्त ओळींची भरली. म्हणजे ‘ओडिसी’एवढी!

मग पॅरीने एक गंमत केली. मुमिन नावाच्या दुसऱ्या गायकाला अव्दोच्या समोर, अव्दोने कधी न ऐकलेलं गाणं म्हणायला लावलं. ते २,२९४ ओळींचं झालं. संपल्यावर अव्दोला विचारलं, हेच तुम्ही गाल का? अव्दोने ते लगेच गायलं आणि त्याच्या तोंडी तेच गाणं ६,३१३ ओळींचं झालं. घोड्यांचा साज वाढला, माणसांची मनं उघडली, प्रत्येक प्रसंग भरला.

इथे आपल्याला थोडं थांबावं लागतं, कारण ‘पाठांतर’ म्हटलं की आपल्यासमोर वेदपाठी घराणी येतात. तिथे पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पहारे बसवून एक स्वरही हलू दिला नाही. ग्रीक गायकाची स्मृती वेगळ्या जातीची. तो शब्द साठवत नाही. कथा, वृत्त आणि विटा साठवतो. दर वेळी घर नव्याने बांधतो आणि तरी ते तेच घर असतं. युगोस्लाव्हियातले गायक तर छातीठोक सांगत, आम्ही शब्दन्‌शब्द तेच गातो. तबकड्या वेगळंच सांगत होत्या. पण ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या लेखी कथा तीच म्हणजे शब्द तेच.

पॅरी त्याच वर्षी, डिसेंबर १९३५मध्ये, बंदुकीच्या गोळीने गेला. वय ३३. त्याचा मदतनीस आल्बर्ट लॉर्ड याने हे काम पुढे नेलं आणि १९६०च्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या पुस्तकातून जगापुढे ठेवलं.

जीभ विसरली, वृत्ताने जपलं

माझी सगळ्यात आवडती गोष्ट आता सांगतो. होमरच्या ओळींत काही जागा अडखळतात. एका शब्दाच्या शेवटी स्वर, पुढच्याच्या सुरुवातीला स्वर, आणि तरी दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. जणू मध्ये कुणी अदृश्य माणूस उभा आहे! राजा या अर्थाचा ‘आनाक्स’ शब्द पाहा, किंवा समुद्राचं ते प्रसिद्ध ‘मद्यवर्णी’ हे विशेषण, ज्यात ‘ऑइनॉस’ म्हणजे द्राक्षाची दारू दडलेली आहे. दोन्हींच्या आधी हा अडथळा येतो.

तो अदृश्य माणूस म्हणजे ‘व’. फार पूर्वी हे शब्द ‘वानाक्स’ आणि ‘वॉइनॉस’ होते. होमरच्या आयोनियन बोलीतून ‘व’चा उच्चार नाहीसा झाला, पण जुन्या ओळी तशाच गायल्या गेल्या आणि त्यांच्यात ‘व’ची रिकामी खुर्ची राहिली. भाषापंडितांनी हे तर्काने ओळखलं होतं. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस याने क्रीट आणि मायसिनीच्या मातीच्या पाट्यांवरची ‘लिनिअर बी’ लिपी उलगडली, तेव्हा राजासाठी शब्द निघाला ‘वा-ना-का’. कविता बरोबर होती!

शिरस्त्राणाचीही अशीच गोष्ट. ‘इलियड’च्या दहाव्या सर्गात ओडिसियस रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण घालतो: आत चामड्याच्या वाद्या, बाहेर पांढऱ्या सुळ्यांच्या दाट ओळी. होमरच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपास, असलं काही कुणी घालत नव्हतं. पुढे मायसिनी काळातल्या थडग्यांतून सुळ्यांच्या कापून भोकं पाडलेल्या पट्ट्या निघाल्या. १९६०मध्ये डेंड्रा गावी तर कांस्याच्या अख्ख्या चिलखतासोबत अशाच शिरस्त्राणाचे अवशेष सापडले, इ.स.पू. पंधराव्या शतकातले. कित्येक शतकं ही वस्तू कुणाच्या डोक्यावर नव्हती, फक्त गाण्यात होती.

आणि लिहून काय उरलं होतं? त्या मातीच्या पाट्यांवर मेंढ्या, लोकर, तेल, धान्य यांचे हिशेब आहेत. कवितेची एक ओळ नाही. इ.स.पू. १२००च्या सुमारास मायसिनी काळातले राजवाडे जळाले, लिहिणारे कारकून गेले आणि त्यांच्याबरोबर लिपीही गेली. पुढची जवळजवळ चारशे वर्षं ग्रीस लिहीत नव्हता. गात होता.

नऊ मुलींची आई

ग्रीकांनी स्मृतीला देवता केलं. तिचं नाव नेमॉसिनी. हेसिअड सांगतो, झ्यूस तिच्यापाशी नऊ रात्री राहिला आणि तिला नऊ मुली झाल्या. याच त्या कलेच्या देवता, म्यूज. गंमत अशी की, स्मृतीच्या या लेकी जन्मल्या त्या माणसाला दुःखाचा विसर पडावा म्हणून, असंही हेसिअडच म्हणतो. आई आठवणीची, मुली विसराच्या! दिवसभराच्या काळजीने काळवंडलेला माणूस गाणं ऐकतो आणि स्वतःची रड विसरतो, हे ज्याने अनुभवलं त्याला यात विसंगती दिसणार नाही.

‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात जहाजांची लांबलचक यादी आहे: २९ पथकं, १,१८६ जहाजं, शिवाय सरदारांची आणि गावांची नावं. एवढं आठवायची वेळ आली की कवी सरळ म्यूजना हाक मारतो. तुम्ही तिथे होतात, तुम्ही पाहिलंत, आम्ही फक्त ऐकलं आहे, असा त्याच्या विनवणीचा भाव.

‘ऐकलं’ या शब्दापाशी ग्रीक आणि संस्कृत एकमेकींच्या गळ्यात पडतात. ग्रीकमध्ये कीर्तीला ‘क्लेऑस’ म्हणतात, शब्दशः ‘जे ऐकू येतं ते’. वेदांतला ‘श्रवस्’ हा त्याचाच सख्खा भाऊ, आपल्या ‘श्रवण’ शब्दातल्या ‘श्रु’ धातूचा. इतकंच नाही, होमरमध्ये ‘न झिजणारी कीर्ती’ असा जो शब्दप्रयोग आहे, तोच ऋग्वेदात ‘अक्षित श्रवस्’ म्हणून आहे. आडाल्बर्ट कून या जर्मन पंडिताने १८५३ साली ही जोडी दाखवून दिली. ग्रीक आणि वैदिक लोकांचे पूर्वज जेव्हा एकच भाषा बोलत होते, तेव्हाच्या गाण्यातला हा तुकडा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

सत्याला ग्रीक शब्द आहे ‘आलेथेया’. ‘लेथे’ म्हणजे विसर, त्याला मागे नकार लावलेला. सत्य म्हणजे जे विसरलं गेलं नाही ते.

बोलका पेला

लिपी परत आली ती फिनिशियन व्यापाऱ्यांकडून. त्यांच्या अक्षरांत स्वर नव्हते, ग्रीकांनी ते घातले. या नव्या लिपीत पहिल्या-पहिल्यांदा काय लिहिलं असेल? हिशेब? अथेन्समधल्या इ.स.पू. ७४०च्या सुमाराच्या एका सुरईवर होमरच्याच वृत्तात कोरलेलं आहे की, जो सगळ्यांत हलका नाचेल त्याला ही बक्षीस. इटलीजवळच्या इस्किया बेटावर १९५४ साली सापडलेला मातीचा पेला तितकाच जुना. त्यावरच्या तीन ओळी ‘इलियड’मधल्या म्हाताऱ्या नेस्टरच्या जडशीळ पेल्याची आठवण काढतात आणि सांगतात, यातून पिणाऱ्याला मात्र प्रेमाची ओढ लागेल. ओळी उजवीकडून डावीकडे जातात. नाच, दारू, प्रेम आणि वृत्त! ही लिपी मुळात कविता उतरवण्यासाठीच घडवली गेली, असं मानणारे अभ्यासकही आहेत. ते सिद्ध झालेलं नाही, पण हा पेला पाहिला की मोह होतो खरा.

मेलेला बाप रडतो

‘इलियड’च्या पाचव्या सर्गात मेनेलाउस पिलायमेनीस नावाच्या राजाला ठार मारतो. तेराव्या सर्गात त्याच राजाचा मुलगा पडतो आणि प्रेतामागे बाप रडत चालतो. तोच बाप! चांगल्या होमरलाही कधी डुलकी लागते, असं रोमन कवी होरेस म्हणून गेला. गाणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. मुलामागे रडणारा बाप ही तयार वीट आहे आणि ती हाताला आली.

टाके घालणारे

पुढे कविता स्थिरावली आणि गायकांच्या जागी ‘रॅप्सोड’ आले. शब्दाचा अर्थ ‘गाणी शिवणारा’. हातात वाद्याऐवजी काठी, अंगावर उंची वस्त्रं. अथेन्सच्या पॅनाथेनिया उत्सवात नियम होता की, एकाने जिथे सोडलं तिथूनच दुसऱ्याने उचलायचं. आवडीचा तुकडा निवडून टाळ्या घ्यायची सोय नाही. प्लेटोच्या एका संवादात आयॉन नावाचा रॅप्सोड सॉक्रेटिसला मोकळेपणाने सांगतो की, मी मंचावरून लोक रडताहेत की नाही हे नीट बघत असतो. ते रडले तर पैसे मिळून मी हसणार, ते हसले तर मी रडणार.

सिक्यॉनचा हुकूमशहा क्लाइस्थेनीस याने मात्र या स्पर्धाच बंद केल्या. कारण होमरच्या काव्यात उठता-बसता आर्गॉसची स्तुती येते आणि त्याचं आर्गॉसशी वैर होतं! आणि निकेरातॉस नावाचा एक अथेन्सकर सांगे की, मी भला माणूस व्हावा म्हणून वडिलांनी माझ्याकडून सगळा होमर पाठ करून घेतला, आजही दोन्ही महाकाव्यं मला तोंडपाठ येतात.

छत कोसळलं तेव्हा

इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातला कवी सिमॉनिडीस. थेसलीत स्कोपास नावाच्या धनिकाच्या मेजवानीत त्याने यजमानाचं स्तुतिगीत म्हटलं, पण त्यात कॅस्टर आणि पॉलिड्यूसीस या जुळ्या देवांचं गुणगानच भरपूर होतं. स्कोपास म्हणाला, अर्धेच पैसे देतो, उरलेले त्या देवांकडून घे. थोड्या वेळाने निरोप आला, दारात दोन तरुण बोलावताहेत. सिमॉनिडीस बाहेर गेला तर कुणीच नाही. तेवढ्यात मागे छत कोसळलं. आतली माणसं अशी चिरडली की नातेवाइकांना आपलं कोण ते ओळखता येईना. सिमॉनिडीसने डोळ्यांसमोर मेजवानी आणली, कोण कुठे बसलं होतं ते एकेक करून सांगितलं आणि प्रत्येकाला आपला माणूस मिळाला.

सिसेरोने सांगितलेली ही कथा दंतकथाच असेल, पण जागेला आठवण बांधण्याची युक्ती इथून सुरू झाली असं प्राचीन लोक मानत. इ.स.पू. ४००च्या सुमाराच्या एका ग्रीक लेखात अशा क्लृप्त्या चक्क शिकवल्या आहेत. ख्रिसिप्पॉस हे नाव लक्षात ठेवायचं? सोनं म्हणजे ‘ख्रिसॉस’, घोडा म्हणजे ‘हिप्पॉस’. सोन्याचा घोडा डोळ्यांपुढे आणा, झालं! एलिसचा हिप्पियास तर ५० नावं एकदा ऐकून म्हणून दाखवीन अशी शेखी मिरवी. उलट, सिमॉनिडीसची ही विद्या शिकवतो म्हणणाऱ्याला थेमिस्टॉक्लीस सेनापती म्हणाला, मला विसरायची विद्या शिकवली तर उपकार होतील.

कायदेही गात असत. ‘नॉमॉस’ या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ, कायदा आणि चाल. लिहिता येत नव्हतं तेव्हा विसरू नयेत म्हणून लोक कायदे गात, म्हणून हा शब्द दोन्हींना आला का, असा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरच्या एका ग्रंथात विचारला आहे. काही शहरांत ‘म्नेमॉन’ म्हणजे ‘आठवणारा’ या हुद्द्याचे अधिकारी होते.

पाठ असलेल्या ओळींवर सुटका

इ.स.पू. ४१३. सिसिलीवर चाल करून गेलेल्या अथेन्सच्या फौजेचा सिराक्यूजपाशी धुव्वा उडाला. सात हजारांहून कमी नाहीत एवढे कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले. वर छप्पर नाही, दिवसाला पेलाभर पाणी आणि दोन पेले धान्य. प्लुटार्क सांगतो की, सिसिलीच्या लोकांना युरिपिडीसच्या नाटकांचं वेड होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून तुकडे-तुकडे गोळा करून ते एकमेकांना शिकवत. तेव्हा काही अथेन्सकरांनी धन्याला युरिपिडीसच्या आठवत असतील तेवढ्या ओळी शिकवल्या आणि गुलामगिरीतून सुटले. लढाईनंतर रानोमाळ भटकणाऱ्या काहींना त्याची गाणी म्हटल्यावर अन्नपाणी मिळालं. घरी परतल्यावर त्यांतले अनेक जण कवीच्या दारी जाऊन त्याचे आभार मानून आले. तो प्रसंग मी कितीदा तरी मनाशी उभा केला आहे. सत्तरीतला युरिपिडीस दार उघडतो आणि समोर खाणीतून सुटलेला माणूस!

नऊ वर्षांनी अथेन्स शरण आलं. शहर जमीनदोस्त करून तिथे मेंढ्या चाराव्यात, अशी एका थीब्जकराने सूचना केली. मग विजेत्या सेनानींच्या मेजवानीत फोकिसच्या एका माणसाने युरिपिडीसच्या ‘इलेक्ट्रा’मधलं पहिलं समूहगीत म्हटलं. ऐकणाऱ्यांची मनं विरघळली. असे कवी देणारं शहर पुसून टाकणं त्यांना पाप वाटलं.

विसरण्याची शपथ

हेच अथेन्स विसरायलाही शिकलं होतं. फ्रिनिखॉस याने मिलेटस शहराच्या पाडावावर नाटक केलं तेव्हा सगळं प्रेक्षागृह हुंदके देऊ लागलं. आपल्याच जखमेची आठवण करून दिली म्हणून नागरिकांनी त्याला हजार द्राख्मा दंड केला आणि ते नाटक पुन्हा करायचं नाही, असं बजावलं. इ.स.पू. ४०३मध्ये जुलमी राजवट संपून लोकशाही परतली, तेव्हा नागरिकांनी शपथ घेतली: झालेलं वाईट आठवणार नाही. म्हणजे आठवण काढून सूड मागणार नाही.

पांढऱ्या सुरूपाशी थांबू नकोस

लेबाडिया गावी ट्रोफोनियसच्या भूमिगत कौलाला जाणाऱ्याला आधी लेथेचं पाणी पाजत, मनातलं सगळं पुसलं जावं म्हणून. मग नेमॉसिनीचं, आत जे दिसेल ते लक्षात राहावं म्हणून. वर आल्यावर त्याला स्मृतीच्या आसनावर बसवून विचारत, काय पाहिलंस? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस स्वतः हे करून आला होता.

दक्षिण इटलीत, जुन्या हिप्पोनियॉन नगरीत, इ.स.पू. ४००च्या सुमाराला एका बाईला पुरताना तिच्या छातीवर सोन्याचा इवलासा पातळ पत्रा घडी करून ठेवला होता. त्यावर बारीक अक्षरांत तिच्यासाठी वाटेच्या खुणा आहेत. पाताळात पांढऱ्या सुरूपाशी एक झरा लागेल, तिथे प्यायचं नाही. पुढे स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी आहे. राखणदार विचारतील, इथे कशाला आलीस? तेव्हा तिने काय म्हणायचं तेही दिलं आहे. तहानेने जीव चालला आहे म्हणून सांगायचं, आणि पृथ्वी नि आकाश हे आपले आईबाप म्हणून सांगायचं. वृत्त होमरचंच आहे, एक गुरू, दोन लघू. आणि ओळीच्या शेवटाला आकाशासाठी तीच जुनी वीट आहे, ‘तारांकित’.